शिक्षकाचा शाळा सोडल्याचा दाखला

शाळा सोडून जाणाऱ्या विद्यार्थ्यास आम्ही एक दाखला देत असतों. त्यांत त्याचें नांव, जन्मतारीख, वर्तणूक आणि शाळा सोडण्याचें कारण, इतक्या गोष्टी नमूद केलेल्या असतात. माझें अक्षर बरें असल्यामुळें जूनच्या गर्दींत कारकुनाच्या मदतीस बसून असे शेंकडों दाखले मीं लिहिले आहेत. परंतु शाळा सोडणारा जेव्हां विद्यार्थी नसून शिक्षक असतो, तेव्हां त्याला असा दाखला कोणी देत नाहीं. 'शाळा सोडण्याचें कारण' हा रकाना त्याचा त्यालाच, बहुधा रात्रीं झोंप येत नसतांना, भरावा लागतो. त्या रकान्याविषयीं आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

निमित्त असें घडलें. गेल्या दिवाळीच्या सुटींत माझा एक जुना विद्यार्थी घरीं आला. तो एका अनुदानित माध्यमिक शाळेंत विज्ञान शिकवितो. वय पस्तिशीच्या आंत. चहा होईपर्यंत त्यानें इकडच्या तिकडच्या गोष्टी केल्या, आणि मग खिशांतून एक घडी घातलेला कागद काढून माझ्यापुढें ठेविला. तो राजीनामा होता. प्रयोगशाळेचीं उपकरणें तयार करणाऱ्या एका कारखान्यांत त्याला जागा मिळत होती. तीं उपकरणें कशीं वापरावीं हें गांवोगांवच्या शिक्षकांना समजावून द्यावयाचें, आणि त्यांच्या माहितीपुस्तिका लिहावयाच्या, असें तें काम होतें. "सर, मी हें पाप करतों आहें का, एवढेंच सांगा," असें तो म्हणाला.

'पाप' हा शब्द ऐकून मी दचकलों. कारण हाच शब्द पूर्वीं एकदां मींहि वापरला होता. त्या दिवशीं मीं त्याला उत्तर दिलें नाहीं. "येत्या रविवारीं ये," असें सांगून त्याची बोळवण केली.

ती पूर्वीची गोष्ट १९९४ सालची. आमच्या शाळेंत गणिताचे एक शिक्षक होते. त्यांची नोकरी तेव्हां चौदा वर्षांची झाली होती. जवळच्या औद्योगिक वसाहतींतील एका कारखान्यानें कामगारांना मापन आणि नकाशावाचन शिकविण्यासाठीं त्यांना बोलाविलें. पगार फार मोठा होता असेंहि नाहीं. पण गृहस्थांना यंत्रांचें वेड होतें. मधल्या सुटींत त्यांनीं ही गोष्ट आम्हां तिघां-चौघांजवळ काढली. मी चित्रकलेचा शिक्षक. माझी मजल मॅट्रिक आणि पुढें चित्रकला-शिक्षकाची पदविका एवढीच. परंतु बोलण्यांत मी कोणाला हार जाणारा नव्हतों. शिक्षकी हें व्रत आहे, मुलांना अर्ध्या वाटेवर टाकून दुसऱ्या धंद्यामागें लागणें हें पाप आहे, असें एक सुरेख भाषण मीं त्यांना ऐकविलें. मुख्याध्यापकांनीं आणखी एक गोष्ट सांगितली, ती मात्र खरी होती: राजीनामा दिला कीं निवृत्तिवेतनासाठीं धरावयाची मागील सारी सेवा बुडते. गृहस्थ राहिले.

पुढें वीस वर्षें त्यांनीं शिकविलें. ते कधीं उशिरां आले नाहींत, आणि अभ्यासक्रम पुरा झाला नाहीं असें एकाहि वर्षीं घडलें नाहीं. पण त्यांच्या वर्गांतलें हंसणें गेलें. ज्या मुलाला उदाहरण सुटत नसे, त्यानेंच जणूं आपल्याला येथें अडकवून ठेविलें आहे, अशा दृष्टीनें ते त्याच्याकडे पाहत. त्यांच्या तासाच्या आधीं मुलें पाणी प्यावयास जात आणि लौकर परत येत नसत. २०१४ सालीं ते निवृत्त झाले. निरोपाचा समारंभ आटोपल्यावर शाल-नारळ पिशवींत घालतां घालतां ते मला म्हणाले, "त्या दिवशीं तुम्हीं मला भाषण ऐकविलें. त्याऐवजीं हिशेब विचारला असता तर बरें झालें असतें."

तो हिशेब असा होता. १९८२ च्या महाराष्ट्र नागरी सेवा निवृत्तिवेतन नियमांप्रमाणें राजीनाम्यानें मागील सेवा बुडते हें खरें. पण वीस वर्षांची अर्हताकारी सेवा झाल्यावर तीन महिन्यांची पूर्वसूचना देऊन स्वेच्छेनें निवृत्त होतां येतें, आणि मग निवृत्तिवेतन बुडत नाहीं, हेंहि त्याच नियमांत आहे. म्हणजे माझे मित्र सहा वर्षें दम धरून २००० सालीं उजळ माथ्यानें बाहेर पडूं शकले असते. त्या सहा वर्षांत त्यांना तयारी करतां आली असती, आणि सुटकेचा दिवस ठाऊक असल्यामुळें शिकविणेंहि कदाचित् एवढें कडू झालें नसतें. नियमांचें पुस्तक शाळेच्या कार्यालयांतील कपाटांत होतें. तें काढून पाहण्याचें आमच्यांतील एकालाहि सुचलें नाहीं. त्यांना स्वतःला ही गोष्ट कळली तेव्हां त्यांनीं पन्नाशी गांठली होती, आणि बोलावणारें कोणी उरलें नव्हतें.

शिक्षकानें शाळा सोडणें ही कांहीं आजची गोष्ट नव्हे, आणि आपल्याकडे तें कोणीं पापहि मानलेलें नाहीं. १८८० सालीं पुण्यास न्यू इंग्लिश स्कूल निघालें तेव्हां लोकमान्य टिळक तेथें शिक्षक होते. पुढें ते फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकवीत. १८९० च्या अखेरीस त्यांनीं डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडली. सोडली ती मतभेदामुळें, हें सर्वश्रुत आहे. परंतु प्रपंचासाठीं त्यांनीं वकिलीच्या परीक्षेचा वर्ग चालविला, ही गोष्ट आपण सहसा ध्यानांत घेत नाहीं. सार्वजनिक कार्याच्या धकाधकींतहि घरची चूल कशी पेटेल याची व्यवस्था त्या पुरुषानें केली होती, आणि ती शिकवूनच केली होती.

सानेगुरुजी १९२४ पासून अमळनेरच्या प्रताप हायस्कुलांत शिक्षक होते. १९३० सालीं मिठाच्या सत्याग्रहाच्या वेळीं त्यांनीं ती नोकरी सोडली. शाळा सुटली, पण हात तोच राहिला. अमळनेरास वसतिगृहांतील मुलांसाठीं ते हस्तलिखित दैनिक काढीत. १९३२ सालीं धुळ्याच्या तुरुंगांत विनोबांचीं गीतेवरील प्रवचनें त्यांनीं उतरून घेतलीं, म्हणून तीं आज आपल्याला वाचावयास मिळतात. १९४८ सालीं त्यांनीं 'साधना' साप्ताहिक सुरू केलें. वसतिगृहांतल्या त्या हस्तलिखित पानांची आणि या छापील साप्ताहिकाची जात एकच आहे. तसेंच वि. स. खांडेकर. १९२० पासून १९३८ पर्यंत, अठरा वर्षें, शिरोड्यासारख्या लहान गांवांत त्यांनीं शाळा चालविली, आणि मग ते कोल्हापुरास जाऊन चित्रपटकथा व कादंबऱ्या यांत रमले. शिरोड्यास त्यांच्याविषयीं कोणी वाईट बोलल्याचें माझ्या कानांवर नाहीं.

चौथें उदाहरण लक्ष्मणराव किर्लोस्करांचें. ते माध्यमिक शाळेंत नव्हे, तर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिकवीत. हक्काची बढती दुसऱ्यास मिळाली, तेव्हां त्यांनीं ती नोकरी सोडली आणि ते बेळगांवास बंधूंबरोबर सायकलच्या दुकानांत उतरले. सायकल घेणाऱ्यास ती चालविण्यास शिकविणें हाहि त्या दुकानाचा एक धंदाच होता. पुढें त्यांनीं लोखंडी नांगर केला. लोखंडानें जमिनींत विष भिनेल, अशी शेतकऱ्यांची समजूत. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षें लागलीं. समजुतीच्या आड गेलेल्या माणसाला न चिडतां, न थकतां, पुनः पुनः समजावून देणें, हें काम ज्यानें वर्गांत केलेलें असतें, त्याला तीं दोन वर्षें काढतां येतात. औंध संस्थानांत १९१० सालीं वसलेली किर्लोस्करवाडी त्यानंतरची.

ह्या थोर माणसांशीं आपली तुलना करावी असें मी सुचवीत नाहीं. मला दाखवावयाचें आहे तें एवढेंच, कीं शिक्षक शाळेंतून काय घेऊन बाहेर पडतो. तो आपला विषय नेतो असें वाटतें; परंतु बाहेरच्या जगाला नववीच्या भूगोलाची गरज सहसा पडत नाहीं. तो जें नेतो तें निराळेंच असतें. न समजलेल्या माणसाचा चेहरा त्याला ओळखतां येतो. एकच गोष्ट तीन तऱ्हांनीं सांगतां येते. चाळीस मिनिटांत किती मावेल याचा अंदाज त्याला असतो. साठ उत्तरपत्रिका तपासून झाल्यावर एकसष्टावीहि त्याच न्यायानें तपासण्याची संवय त्याला असते. हीं कौशल्यें आम्ही रोज वापरतों, म्हणून त्यांना कौशल्यें म्हणावीं हेंहि आम्हांला सुचत नाहीं.

आतां जें मागें ठेवून जावें लागतें, तें. ह्या बाबतींत मी अनुभवाचें सांगतों. २०१८ सालीं निवृत्त झाल्यावर मी कांहीं महिने एका ओळखीच्या मुद्रणालयांत लग्नपत्रिका आणि स्मरणिका यांच्या मांडणीच्या कामास जात असें. सदतीस वर्षें चित्रकला शिकविलेली; रंगसंगति, अक्षरांची ठेवण, कोरी जागा, यांविषयीं मला पुष्कळ सांगावयाचें होतें. संगणकावर काम करणारी मुलगी चोवीस वर्षांची होती. मी तिच्यामागें उभा राहून हें डावीकडे, तें खालीं, असें सांगूं लागलों. तिनें दोन दिवस ऐकून घेतलें. तिसऱ्या दिवशीं ती म्हणाली, "काका, तुम्ही सांगतां तें बरोबर आहे, पण हें काम मला साडेचारच्या आंत द्यावयाचें आहे." मला राग आला. घरीं येऊन विचार केल्यावर ध्यानांत आलें, कीं आपण वर्गांत शिरल्यावर पन्नास माणसें उभीं राहतात, ह्या गोष्टीची मला किती संवय जडली होती! दुसऱ्या दिवशीं मी खुर्ची घेऊन तिच्या शेजारीं बसलों आणि तें यंत्र कसें चालतें तें विचारलें. तिनें मला चांगलें शिकविलें. पण तिच्या शेजारीं खुर्ची नेऊन ठेवणें हें त्या वयांत मला फार जड गेलें, हें मी प्रांजळपणें सांगतों. पस्तिशींतल्या माणसाला तें थोडें सोपें जाईल. सोपें मात्र जाणार नाहीं.

ज्यांनीं हें नीट केलें असें एक उदाहरण आमच्याच शाळेंतलें. मराठी शिकविणाऱ्या एक बाई २००९ सालीं, तेवीस वर्षांच्या नोकरीनंतर, स्वेच्छेनें निवृत्त झाल्या. वीस वर्षांचा तो नियम मला प्रथम कळला तो त्यांच्यामुळें. त्यापूर्वीं दोन उन्हाळ्याच्या सुट्यांत, रीतसर परवानगी काढून, त्यांनीं एका प्रकाशकाकडे मुद्रितशोधनाचें काम करून पाहिलें होतें. तें आपल्याला जमतें, आवडतें, आणि त्यांत काय मिळतें, हें पाहूनच त्यांनीं पाऊल उचललें. "पहिल्या वर्षीं पगाराच्या निम्मेंहि हातीं आलें नाहीं," असें त्या मला म्हणाल्या, "पण तें होणार हें वहींत आधींच लिहून ठेविलें होतें." त्या आजहि तेंच काम करतात.

तर माझ्या विद्यार्थ्याकडे परत येऊं. रविवारीं तो आला. ह्या खेपेस मीं भाषण केलें नाहीं. वही काढली आणि प्रश्न विचारले.

पहिला प्रश्न: तूं कशापासून जातो आहेस? मुख्याध्यापकांशीं पटत नाहीं म्हणून जाणार असशील, तर शाळा बदलून पाहा. जनगणना आणि निवडणूक यांच्या कामांचा वीट आला असेल, तर तीं कामें २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानेंहि शिक्षकाकडे ठेविलेलीं आहेत. तीं सुटणार नाहींत, पण तेवढ्यासाठीं घर सोडावें का हें पाहा. आणि न समजलेलें मूल समजून हंसतें, तें पाहून तुला आतां कांहींच वाटत नसेल, तर मात्र तूं जावें. तुझ्यासाठीं नव्हे, त्या मुलासाठीं जावें. त्यानें थोडा वेळ विचार केला. तो म्हणाला, "तें अजून वाटतें, सर. पण मुलांपेक्षां कागदच अधिक हाताळावे लागतात. आणि नव्या कामांत मला जें शिकवावयाचें आहे तें शिक्षकांना. एक शिक्षक प्रयोग करून दाखवूं लागला तर त्याच्यामागें पन्नास मुलें." हें उत्तर पाठ केलेलें नव्हतें. मला तें पटलें.

दुसरा प्रश्न पैशाचा. तो २०१६ सालीं शिक्षणसेवक म्हणून लागला. पहिलीं तीन वर्षें त्यानें दरमहा ८,००० रुपये मानधनावर काढलीं. २०२३ सालीं माध्यमिक शिक्षणसेवकांचें मानधन १८,००० रुपये झालें, तेव्हां तो कायम होऊन गेला होता. त्याची नेमणूक १ नोव्हेंबर २००५ नंतरची, म्हणून माझ्या मित्राला ज्या जुन्या निवृत्तिवेतनानें बांधून ठेविलें, त्याची बेडी ह्याच्या पायांत नाहीं. तसा त्याचा आधारहि नाहीं. राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेंत ज्याचें खातें आहे, त्याचा क्रमांक नोकरी बदलली तरी तोच राहतो. राहतां राहिला घराच्या कर्जाचा हप्ता, आणि नवी जागा न जमल्यास सहा महिने घर चालेल एवढी शिल्लक. ती शिल्लक चार महिन्यांपुरतीच निघाली. मीं तो आंकडा वहींत खालीं रेघ मारून लिहिला आणि वही त्याच्या स्वाधीन केली.

तिसरा प्रश्न: घरांत काय म्हणतात? पत्नीला ठाऊक होतें, आईला नव्हतें. "आईला वाटेल, पक्की नोकरी सोडून मुलगा फिरतीवर निघाला," असें तो म्हणाला. मीं सांगितलें, कीं राजीनाम्याआधीं आईला सांग, आणि ही वही दाखवून सांग. घरच्या माणसांना आपलें धैर्य दाखवून भागत नाहीं. महिना कसा निघेल तें त्यांना दिसावें लागतें.

चौथा प्रश्न मींच मला विचारला होता, आणि त्याचें उत्तर मीं त्याला सांगितलें. मुलांना अर्ध्या वाटेवर टाकणें ही गोष्ट वाईटच. त्या जुन्या भाषणांत तेवढें एक वाक्य खरें होतें. पण त्यावर उपाय जन्मभर अडकून पडणें हा नव्हे. वर्षाच्या अखेरीस जाणें हा आहे. १९८१ च्या नियमांप्रमाणें खाजगी शाळेंतील कायम सेवकानें तीन महिन्यांची पूर्वसूचना द्यावयाची असते. कायम न झालेल्यानें एका महिन्याची. जानेवारीच्या शेवटीं दिलेली सूचना एप्रिलच्या अखेरीस पुरी होते. तोंपर्यंत दहावीच्या परीक्षा आटोपतात, नववीच्या उत्तरपत्रिका तपासून होतात, आणि प्रयोगशाळेच्या साहित्याची नोंदवही पुढच्या शिक्षकाच्या हवालीं करतां येते. कारखाना तोंवर थांबेल का, हें त्यानें विचारावें. ज्या मालकाला हें कारण समजत नाहीं, त्याच्याकडे शिक्षकांना शिकविण्याचें काम करावें कीं नाहीं, याचाहि मग विचार करतां येईल.

सर्व ऐकून झाल्यावर त्यानें पुनः तो घडीचा कागद काढला. मीं तो ह्या वेळीं नीट वाचला. मजकूर सभ्य होता. कोणाविषयीं तक्रार नव्हती. दोनच उणिवा होत्या. १९७७ च्या कायद्याप्रमाणें राजीनामा दोन प्रतींत करावा लागतो; दोन्हींवर सही आणि तारीख घालून एक प्रत रजिस्टर टपालानें संस्थेकडे पाठवावयाची आणि दुसरी आपल्याजवळ ठेवावयाची असते. त्याच्याजवळ प्रत एकच होती, आणि तिच्यावर तारीख नव्हती.

त्यानें माझ्याकडून एक कोरा कागद मागून घेतला आणि तेथेंच बसून दुसरी प्रत लिहिली. अक्षर चांगलें आहे; सातवींत असतांना मींच तें घटविलें होतें. तारखेची जागा त्यानें दोन्ही प्रतींवर कोरी ठेविली. आईशीं बोलून झाल्यावर आणि शिल्लक सहा महिन्यांपुरती झाल्यावर ती भरावयाची, असें ठरलें. तारीख कोणती घालावी हें मीं सांगितलें नाहीं. एकदां एका गृहस्थाच्या वतीनें मीं निर्णय केला होता, तेवढा पुरे आहे.